चालता येईल त्यांनी निघावं

बाबा लष्करातून कायमचे घरी आले तेव्हा मी वीस वर्षांची होते. तोवर त्यांच्यासोबत सलग दोन महिने राहिल्याचं मला आठवत नव्हतं. ते मेजर जनरल होऊन निवृत्त झाले. आमचे आजोबा सावंतवाडीकडच्या एका खेड्यातून पलटणीत गेलेले सुभेदार होते. आपल्या मुलाने साहेब व्हावं ही त्यांची हौस बाबांनी पुरी केली. बाबांच्या नेमणुका बहुतेक सरहद्दीवर असत आणि तिथे कुटुंब नेता येत नसे, म्हणून आई आणि मी मुलुंडला राहायचो. मुलुंड तेव्हा शांत होतं. सरळ आखलेले रस्ते, बैठी घरं, मागे डोंगर. शेजारी गुजराती व्यापारी आणि ऑफिसात जाणारी मराठी मंडळी. जनरल म्हणजे नेमकं काय हे त्यांना माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

पहिले सहा महिने फार अवघड गेले. बाबा पहाटे उठत, बुटांना पॉलिश करत आणि ते घालून कुठे जायचं हे न सुचल्यामुळे अंगणात फेऱ्या मारत. वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचत. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असायची. एकदा ती मला म्हणाली, "यांना कुणीतरी काम द्यायला हवं गं. नाहीतर हे मला परेडला उभी करतील."

बाबांच्या कामाशी माझा संबंध त्याआधी एकदाच आला होता. चीनच्या युद्धानंतरच्या उन्हाळ्यात ते सुट्टीवर आले होते. तेव्हा ते ब्रिगेडियर होते आणि मी सोळा वर्षांची. जेवताना ते मध्येच थांबत आणि ताटाकडे बघत राहत. एका दुपारी त्यांनी मला कागद आणि पेन घेऊन बसवलं. त्यांचं स्वतःचं मराठी अक्षर पहिलीतल्या मुलासारखं होतं, कारण सगळी नोकरी इंग्रजीत गेलेली. त्यांना सात पत्रं लिहून हवी होती. एकाच चौकीवरचे सात जण गेले होते, त्यांच्या घरच्यांना. मजकूर एकच, फक्त नाव बदलायचं आणि कुठे 'आपल्या पतीला' तर कुठे 'आपल्या मुलाला' घालायचं. 'तोफगोळा पडून जागीच वीरमरण आलं. त्यांना कसलाही त्रास झाला नाही.'

चौथ्या पत्रापाशी मी विचारलं, "बाबा, सातही जण जागीच गेले?"

"लिही," ते म्हणाले.

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं होतं, त्याचं मला शाळेत बक्षीसही मिळालं होतं. त्या युद्धात इतकी माणसं गेली होती, मग या सात घरांनाच बाबांनी स्वतः पत्रं का लिहिली, हे विचारायचं मला सुचलं नाही.

निवृत्तीनंतर सातव्या महिन्यात एका पक्षाचे चिटणीस घरी आले. गोल चेहऱ्याचे, मऊ बोलणारे गृहस्थ होते. मुलुंड-भांडुपसाठी त्यांना विधानसभेचा उमेदवार हवा होता. बाबा म्हणाले, "मला राजकारण येत नाही." चिटणीस म्हणाले, "तेच तर हवंय साहेब. येणाऱ्यांना लोक कंटाळलेत."

बाबांना खरंच येत नव्हतं. पहिल्या सभेत ते हात मागे बांधून उभे राहिले आणि मोजकं बोलून खाली उतरले. टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळेना. चिटणिसांनी त्यांना घरी आरशासमोर उभं करून नमस्कार शिकवला. "थोडं वाका साहेब. अजून थोडं." पण एक गोष्ट बाबांनी कुणी न शिकवता केली. भांडुपच्या डोंगरावर चाळी आणि झोपड्या होत्या, तिथे सार्वजनिक नळाला पहाटे थोडा वेळ पाणी यायचं. बाबा लागोपाठ आठ दिवस पहाटे तिथे जाऊन उभे राहिले. पाणी कधी येतं, कधी जातं, वरच्या वस्तीत हंडा भरायला किती वेळ लागतो, सगळं त्यांनी घड्याळ लावून वहीत टिपलं. असा उमेदवार बायकांनी कधी पाहिला नव्हता. मी त्यांच्याबरोबर असायचे. मी कॉलेज संपवलं होतं, टायपिंग येत होतं आणि बाबांच्या शेजारी उभं राहायला मला आवडायला लागलं होतं.

तिथेच ती बाई आम्हाला पहिल्यांदा भेटली. तिशीच्या आतली असेल. फुलाफुलांची सुती साडी, कपाळ मोकळं. हंडा रांगेत ठेवून ती खोलीत गेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला कागद घेऊन आली.

"साहेब, ह्यां पत्र तुमीच धाडलास मां?"

बाबांनी कागद उलगडला. माझं अक्षर मला लांबूनही ओळखू आलं. बाबांचा चेहरा बदलला नाही, पण ते आपल्या बोलीत उत्तरले, जी ते घरातही कधी बोलत नसत. "व्हय. मीच धाडलंय."

तिचं गाव आजोबांच्या गावापासून चालत जाण्याइतकं जवळ निघालं. नवरा पलटणीत नाईक होता. तो गेल्यावर ती मुंबईला थोरल्या दिराकडे आली होती. दीर गिरणीत होता, खोली एकच. ती औषधांच्या गोळ्या डब्यांत भरायच्या कारखान्यात जात होती. मूल नव्हतं. तिने आम्हाला आत बोलावून चहा दिला आणि बाबांकडे अशी बघत राहिली, जणू त्यांच्या अंगावर तिच्या नवऱ्याचं काहीतरी राहून गेलं असावं.

चिटणिसांना हे कळलं तेव्हा ते खुर्चीतून उठले. "साहेब, ही बाई तुमच्या शेजारी व्यासपीठावर बसायला हवी."

बाबांनी तडक नकार दिला. चिटणीस दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, तिसऱ्याही दिवशी आले. पक्ष हरला तर पाण्याचं काम कोण करणार, असं त्यांनी विचारलं. चौथ्या दिवशी बाबा मला म्हणाले, "तिला विचार. तिची इच्छा असेल तरच." मी विचारलं. ती लगेच तयार झाली. दिराच्या घरात तिला कुणी धड ताटही वाढत नव्हतं आणि इथे जनरलसाहेब तिला बोलावत होते.

चिटणिसांना तिची फुलांची साडी चालेना. पांढरी हवी होती. मी आईच्या कपाटातून पांढरी सुती साडी काढली. आई दारात उभी होती. "तिला तिच्या साडीत बसू दे की," ती म्हणाली. "तिने कधी पांढरं नेसलंय का, विचारलंस?" मी विचारलं नव्हतं. भांडुपला जाऊन मीच तिला ती साडी नेसवली. निऱ्या करताना ती म्हणाली, "गावाक मी ह्यां नेसूक नाय म्हटलंय. सासूशी भांडलंय त्यावरना." आणि मग, माझ्याकडे बघून, "पण साहेबांसाठी नेसतंय."

बाबा निवडून आले. त्या पाच वर्षांबद्दल मला कुणाशी भांडायचं नाही. भांडुपच्या वरच्या वस्तीला पाणी मिळालं, दोन जागी दवाखाने आले, डोंगराच्या कडेला भिंत झाली. बाबा कुणाकडून पेढासुद्धा घेत नसत. माजी सैनिक लांबून लांबून त्यांच्याकडे येत आणि मी त्यांचे अर्ज टाइप करत असे. त्या बाईला त्यांनी एका शाळेत शिपाई म्हणून लावून दिलं. ध्वजारोहण असो, उद्घाटन असो, ती पांढरी साडी नेसून पुढच्या रांगेत असायची. चिटणीस तिची ओळख 'वीरपत्नी' अशी करून द्यायचे. माझ्याशी तिची मैत्री झाली असं मी समजत होते. ती मला ताई म्हणायची, वयाने मोठी असूनही. रविवारी आमच्याकडे यायची आणि आईबरोबर तांदूळ निवडत बसायची.

दुसरी निवडणूक जवळ आली होती तेव्हाची गोष्ट. त्या रविवारी ती अशीच आली होती. बाबा बाहेर गेले होते. व्हरांड्यात एक माणूस त्यांची वाट बघत बसला होता. दहिसरला राहणारा, आरे कॉलनीत म्हशींच्या तबेल्यावर राखणदारी करणारा. दोन बस बदलून आला होता. पायांत कॅनव्हासचे बूट, पुढून चपटे. बर्फात दोन्ही पायांची बोटं गेली होती. माघारीत पकडला गेला, चीनच्या कैदेतून सहा-सात महिन्यांनी सुटून आला होता. आता राखणदारीसाठी उभं राहवत नव्हतं आणि बसून करायचं काही काम मिळेल का, म्हणून चिठ्ठी हवी होती.

मी चहा घेऊन गेले. ती बाई दाराशी सूप घेऊन बसली होती. पलटणीचं नाव निघालं म्हणून तिने त्याला विचारलं, "तुमी खंयच्या चौकीवर होतास?"

त्याने सांगितलं. तिचे हात थांबले. तो पलटणीत वायरलेसवर होता. माणसाला खूप दिवसांनी ऐकणारं कुणी भेटलं की तो जसा बोलतो, तसा तो बोलत गेला. तीन दिवस खालून कुमक आली नाही. गोळ्या संपत आल्या. मग ब्रिगेडियरसाहेबांचा हुकूम आला, तो त्याने स्वतः कानाला रिसीव्हर लावून घेतला. अंधार पडायच्या आत चौकी सोडा. चालता येईल त्यांनी निघावं. स्ट्रेचर नाही.

"आमच्या सुभेदाराने दोनदा विचारायला लावलं," तो म्हणाला. "म्हटलं, सात जण पडून आहेत, त्यांचं काय? साहेब म्हणाले, चालता येईल त्यांनी. मग सेट बंद केला."

मी म्हणाले, "चहा घ्या, थंड होतोय." मला त्याला थांबवायचं होतं.

"ते सात कोण होते?" तिने विचारलं.

त्याने एकेकाची खूण सांगितली. पाचवा एक नाईक होता, सावंतवाडीकडचा. मांडीत गोळी लागलेली. शुद्धीत होता. त्याने आपले लोकरीचे हातमोजे काढून याला दिले. म्हणाला, तुला पुढे जायचंय, मी काय, इथेच बसून आहे. "त्या मोज्यांमुळे माझे हात राहिले," तो म्हणाला आणि दोन्ही हात तिच्यासमोर उलटेपालटे करून दाखवले. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि हात मागे घेतले.

ती उठली. सूप आईच्या हातात दिलं, चपला घातल्या आणि गेली. तो माणूसही चिठ्ठीसाठी थांबला नाही.

बाबा दुपारी आले. मी त्यांना जेवूही दिलं नाही. सगळं सांगितलं आणि विचारलं, "हे खरं आहे?"

"खरं आहे."

"मग जागीच?"

ते हात धुवून टेबलाशी बसले. बोलले ते नकाशासमोर बोलावं तसं. "वर साठ माणसं होती. बर्फ पडायला लागलं होतं. सात माणसं उचलायला अठ्ठावीस लागतात आणि त्यांचा वेग निम्मा होतो. सगळे गेले असते. आज मला पुन्हा विचारलं तर मी तोच हुकूम देईन."

"हुकमाचं मी विचारत नाही. पत्राचं विचारतेय."

"पत्रात काय लिहायचं होतं? वीस-बावीस वर्षांच्या मुलीला लिहायचं की तुझा नवरा जिवंत होता आणि मी त्याला ठेवून आलो?"

"नंतर त्यांचं काय झालं?"

"माहीत नाही. कैद्यांच्या यादीत सातांपैकी एकाचंही नाव नव्हतं." मग ते म्हणाले, "मी ती यादी तीनदा मागवली."

आई पोळ्या लाटत होती. तिने गॅस बंद केला आणि मागच्या अंगणात निघून गेली. त्या दिवशी आमच्या घरी कुणी जेवलं नाही.

पुढचे दोन रविवार ती बाई आली नाही. मी भांडुपला जायला हवं होतं. गेले नाही. प्रचार सुरू झाला होता, पत्रकं छापून आणायची होती, अशी कारणं मी स्वतःला देत होते.

मोठी सभा भांडुपच्या मैदानात होती. संध्याकाळची वेळ, समोर बायकांची बरीच गर्दी. पहिल्या रांगेतली खुर्ची तिच्यासाठी ठेवली होती. मी व्यासपीठाच्या पायऱ्यांशी होते आणि ती येताना मला दिसली. तिने हिरवी साडी नेसली होती. हातात हिरवा चुडा, गळ्यात मंगळसूत्र आणि कपाळावर कुंकू, मोठं, ताजं. वाटेतल्या बायका बाजूला होत होत्या. कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "हिने दुसरा केला की काय?"

चिटणीस माझ्याजवळ आले. घाम पुसत, पण आवाज तोच मऊ. "ताई, त्यांना बाजूला घ्या. कुंकू पुसून घ्या आणि मग बसवा. विरोधकांचा फोटोवाला आलाय."

मी काय केलं ते इथे लिहायलाच हवं. मी रुमाल पाण्यात भिजवला आणि तिच्यापाशी गेले. मंडपाच्या कनातीमागे तिला घेतलं. तिने माझ्या हातातला ओला रुमाल बघितला.

"तुमी पुसतलास?" तिने विचारलं. रागाने नाही. मग तिने मान वर केली, डोळे मिटले आणि कपाळ माझ्यासमोर धरलं. "पुसा तर. पत्र तुमीच लिवलास, तर ह्यांव तुमीच पुसा."

म्हणजे अक्षर कुणाचं ते तिला ठाऊक होतं. कधीपासून, कुणास ठाऊक. माझा हात उचलला गेला नाही. ती काही वेळ तशीच उभी राहिली. मग डोळे उघडून माझ्या बाजूने निघाली आणि सरळ पायऱ्या चढली.

बाबा माईकसमोर होते. ती त्यांच्यापासून दोन हातांवर उभी राहिली. ती ओरडली नाही, पण माईक जवळ असल्यामुळे तिचा आवाज मैदानभर गेला.

"साहेब, ते तेवा जिते होते मां?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते सांगतील. सांगितलं तर ही निवडणूक गेली, पण ते सांगतील, कारण खोटं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे ओठ हलले. मग त्यांची नजर तिच्यावरून उचलली गेली आणि समोरच्या गर्दीवर गेली.

"या भगिनीची प्रकृती ठीक नाही," ते शुद्ध, छापील मराठीत म्हणाले. "दुःखाने मनावर परिणाम झाला आहे. कार्यकर्त्यांनी त्यांना सन्मानाने घरी पोचवावं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन कार्यकर्त्यांनी तिला दंडाला धरून खाली आणलं.

बाबा आधीपेक्षा जास्त मतांनी निवडून आले. काही महिन्यांनी राज्यमंत्री झाले. दारात दिव्याची गाडी आली, पोलीस आला. त्या सभेनंतर मी त्यांचं टायपिंग सोडलं आणि घाटकोपरला एका वकिलाच्या ऑफिसात नोकरी धरली. बाबांनी कारण विचारलं नाही. आई त्यांच्याशी लागेल तेवढंच बोलायची.

त्या बाईला 'वेडी' हे नाव चिकटलं ते बाबांच्या त्या एका वाक्यामुळे. जनरलसाहेबांनीच सांगितलं म्हटल्यावर प्रश्नच मिटला. शाळेने तिला घरी बसवलं. कपाळाला कुंकू लावून ती नळावर यायची तेव्हा बायका तिला रांगेत उभं राहू देत नसत, हे मला नंतर कळलं. तिच्या बाबतीतलं सगळंच मला नंतर कळलं.

पावसाळा संपता संपता मी भांडुपला गेले. दिराच्या बायकोने दारातूनच सांगितलं, "ती इथे नसते. इस्पितळात घातलीय."

"कुठल्या इस्पितळात?"

"वेड्यांच्या." तिने खांदे उडवले. "नवऱ्याची वाट बघत दारात बसायची. जेवायची नाही. आमच्या पोरींची लग्नं व्हायचीत. साहेबांनीच पत्र दिलं ना, म्हणून लवकर झालं."

मी घरी आले ती चालत. भांडुपपासून मुलुंडपर्यंत कशी चालत आले ते आठवत नाही. बाबा व्हरांड्यात फायली बघत होते.

"तिच्या दिराला पत्र तुम्ही दिलंत?"

त्यांनी चष्मा काढला. "तो आला होता. म्हणाला, जिवाचं काही करून घेईल. तिथे निदान जेवायला मिळेल."

"तुम्ही वाचून सही केलीत?"

बाबा कधीही न वाचता सही करत नसत. ते त्यांना आणि मलाही माहीत होतं. त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "मला ती पुन्हा समोर यायला नको होती."

इतकं सरळ ते माझ्याशी कधी बोलले नव्हते, आणि ते सरळ बोलले म्हणूनच मला त्यांची भीती वाटली.

आई आतून आली. लग्नाला तीस वर्षं होत आली होती आणि तिने त्यांना काही करायला सांगितलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "कागद आण गं. आणि यांच्या हातात पेन दे. तू लिहायचं नाहीस."

बाबांनी स्वतः लिहिलं. मोठी, वाकडी अक्षरं, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. 'ही बाई वेडी नाही. तिने मला जो प्रश्न विचारला तो बरोबर होता. उत्तर मी दिलं नाही. तिला सोडावं.' खाली सही आणि हुद्दा. एवढं लिहायला त्यांना अर्धा तास लागला.

पण त्या पत्राने ती लगेच सुटली नाही. रक्ताच्या नात्यातलं कुणीतरी जबाबदारी घ्यायला हवं होतं आणि दीर नाही म्हणत होता. मी गावी तिच्या भावाला पत्र घातलं. तो भात कापून मग आला. आम्ही दोघं इस्पितळात गेलो. तिचे केस बारीक कापले होते. चुडा काढून घेतला होता, मंगळसूत्रही. ती भावाला ओळखत होती, मलाही. बाबांचं पत्र माझ्याकडे होतं, त्याची नक्कल. मी तिला ते वाचून दाखवलं. तिने ते हातात घेतलं, उलटं करून मागे काही लिहिलंय का पाहिलं आणि मला परत दिलं.

"ह्यातही नाय लिवल्यानी," ती म्हणाली. "ते जिते होते की नाय, ता नाय लिवल्यानी."

खरंच नव्हतं लिहिलं. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मी म्हणाले, "जिवंत होते. बाबांनी मला सांगितलंय. शुद्धीत होते."

तिने मान हलवली. माझ्याकडून तिला ते नको होतं. दुसऱ्या दिवशी भाऊ तिला एसटीने गावाला घेऊन गेला. मी तिला तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. चौथं लिहायचा धीर मला झाला नाही.

इस्पितळाच्या ऑफिसातून पत्राची बातमी चिटणिसांपर्यंत पोचली. त्यांनी आरडाओरडा केला नाही. पुढच्या फेरबदलात बाबांचं मंत्रिपद गेलं आणि त्यानंतरच्या निवडणुकीत तिकीटही मिळालं नाही. बाबांनी तक्रार केली नाही. पुन्हा अंगणात फेऱ्या सुरू झाल्या. मी एकदा त्यांना म्हटलं, गावी जाऊन तिला भेटून या. ते म्हणाले, "काय सांगू? नवरा कधी मेला, हे मला आजही माहीत नाही." तरी त्यांनी एकदा तिकीट काढलं. बॅग भरली, बूट चढवले आणि मग व्हरांड्यातच बसून राहिले. एसटीची वेळ टळून गेल्यावर आत आले. त्यानंतर वर्षभराने, सत्तरचं दशक संपायच्या आत, पक्षाघाताने ते गेले. शेवटचा महिनाभर त्यांची वाचा गेलेली होती.

अंत्ययात्रेला बंदुकीची सलामी होती, तिरंगा होता. पक्षाचे लोक आले होते. मऊ आवाजाच्या चिटणिसांनी आईसमोर हात जोडले. भांडुपच्या वरच्या वस्तीतून पुष्कळ बायका चालत आल्या आणि त्यांतल्या काही खरोखर रडत होत्या. पाणी त्यांना बाबांनीच दिलं होतं.

फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, तो आरे कॉलनीतला राखणदार उभा होता. दोन काठ्यांवर. मी त्याच्याकडे गेले आणि आत चला म्हणाले.

"नको ताई," तो म्हणाला. "साहेबांनी निघा म्हटलं म्हणून मी आज उभा आहे. माझी पोरं आहेत, नातू झालाय. पण आत येववत नाही."

मी त्याला शेजारच्या घराच्या ओट्यावर बसवलं आणि पाणी आणून दिलं. सलामीचे बार झाले तेव्हा तो काठ्यांवर भार देऊन उठायला बघत होता. मी त्याला हात दिला. बाबांचं पार्थिव नेणारा ट्रक वळणापलीकडे जाईपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो. मग त्याने बस कुठून सुटते ते विचारलं आणि मी त्याला थांब्यापर्यंत पोचवायला निघाले, कारण त्याला फार हळू चालावं लागत होतं.